एक उजवा पंख, एक डावा पंख

रिमोटच्या विमानाच्या किटमध्ये विमान नसतं. बाल्साच्या, म्हणजे अगदी हलक्या लाकडाच्या, पातळ फळ्या असतात, लेझरने कापलेल्या रिब्ज (पंखाच्या आडव्या फासळ्या) असतात, तारा, स्क्रू आणि अंथरला की पलंग भरून टाकणारा नकाशा असतो. खोक्यावरच्या चित्रात मात्र ते ढगांच्याही वर पोचलेलं असतं.

माझं स्पष्ट मत आहे की या छंदात चूक एकाच प्रकारची होते: काहीतरी उलटं बसतं. ते काय, एवढंच शोधायचं असतं.

सुरुवात पंखापासून. पुष्कळ नकाशांवर जागा वाचवायला एकच पंख छापलेला असतो. आपण तो तन्मयतेने जोडतो, मग त्याच नकाशावर दुसरा जोडतो, आणि शेवटी हातात दोन सुबक डावे पंख येतात. उपाय जुना आणि स्वस्त आहे. नकाशाच्या मागच्या बाजूला थोडं तेल चोळलं की कागद पारदर्शक होतो. तो पालथा घालून उजवा पंख बांधायचा. वर प्लास्टिकचा पातळ कागद अंथरायला विसरू नये, नाहीतर पंखासोबत नकाशाही उडायला तयार होतो.

पातळ सायनो ग्लू (क्षणात चिकटणारा गोंद) फटीत आपोआप ओढला जातो, म्हणून आधी टाचण्यांनी सगळं घट्ट बसवायचं आणि मग थेंब सोडायचा. बोटं चिकटली तर अ‍ॅसिटोन. किट थर्माकोलचं असेल तर साधा सायनो जिथे पडेल तिथे खड्डा पाडतो; त्यासाठी फोम-सेफ वेगळा घ्यावा लागतो. पंखांचा मधला सांधा आणि मोटरची पाटी यांना 30 मिनिटांत घट्ट होणारं इपॉक्सीच (दोन भाग मिसळून लावायचा गोंद) लावा. 5 मिनिटांचं, आपण कोन बघत असतानाच दगड होतं.

पंखाच्या सांगाड्यावर प्लास्टिकची फिल्म चढवून गरम केली की ती आकसते आणि सोबत पंखही पिळते. टेबलावर ठेवलेल्या पंखाचं एक टोक उचललेलं दिसलं की समजावं. मग तो उलट दिशेला, हवा त्यापेक्षा थोडा जास्तच पिळून धरायचा, फिल्मला पुन्हा उष्णता द्यायची आणि थंड होईपर्यंत सोडायचा नाही. या कामाला तिसरा हात लागतो. तो किटमध्ये येत नाही.

मोटर उलटी फिरली तर घाबरू नका. तिच्या तीन वायरींपैकी कुठल्याही दोनांची अदलाबदल करा. बॅटरीच्या वायरींवर मात्र हा प्रयोग करू नका, ईएससी (मोटरचा वेग सांभाळणारं सर्किट) धूर सोडून राजीनामा देतो. खरा कावेबाज तो प्रॉप, म्हणजे मोटरवरचा पंखा. तो पालथा बसला तरी जोर पुढेच देतो, पण अर्धामुर्धा. आवाज जोरदार, धाव जोरदार, आणि विमान मैदानाच्या टोकापर्यंत जमीन काही सोडत नाही. आकडे छापलेली बाजू पुढे, उड्डाणाच्या दिशेला हवी. आणि जोडणी चालू असेपर्यंत प्रॉप काढूनच ठेवा. कोपर लागून थ्रॉटल (मोटरचा वेग वाढवणारी स्टिक) चढलं की टेबलावरचा तो पंखा कुणाचीच ओळख ठेवत नाही.

सर्व्हो म्हणजे पाती हलवणारी छोटी मोटर. तिचा आर्म (छोटा दांडा) लावण्याआधी रिमोट आणि रिसिव्हर चालू करून सर्व्हो मध्यावर येऊ द्या, मगच आर्म पात्याकडे जाणाऱ्या रॉडला काटकोनात बसवा. त्यानंतर दिशा. स्टिक उजवीकडे, तर उजवा एलेरॉन (पंखाच्या मागच्या कडेचं हलतं पातं) वर. स्टिक स्वतःकडे ओढली, तर एलिव्हेटर (शेपटीचं आडवं हलतं पातं) वर. हे तपासायचं विमानाच्या मागे उभं राहून. समोरून पाहणाऱ्याला बरोबर असलेलं चुकीचं दिसतं आणि तो मोठ्या आत्मविश्वासाने रिमोटमध्ये जाऊन रिव्हर्स करून येतो. पाती नुसती हलतात म्हणून समाधान मानणारेही बरेच. हलतात तर सगळीच.

आता तोल. साध्या आयताकृती पंखात तो पुढच्या कडेपासून रुंदीच्या 25 ते 30 टक्क्यांवर हवा. म्हणजे 200 मिलिमीटर रुंद पंखाला 50 ते 60 मिलिमीटरवर. बॅटरी आत ठेवून, दोन बोटांवर विमान तोलून पाहा. पंख खाली असलेलं मॉडेल उताणं करून तोलायचं. शेपटीवर वाढवलेला एक ग्रॅम नाकावर साधारण तीन ग्रॅम मागतो, म्हणून शेपटीवर स्टिकर चिकटवण्याची हौस जरा आवरा. नाक जड असलेलं विमान वाईट उडतं, शेपूट जड असलेलं एकदाच उडतं, असं जाणकार सांगतात, आणि हे सांगताना ते हसत नाहीत.

उड्डाण वाऱ्याच्या तोंडावर. जाताना सगळं सोपं असतं. विमान वळून तुमच्याकडे येऊ लागलं की त्याचं उजवं तुमचं डावं होतं आणि हात बरोबर चूक करतात. अशा वेळी एकच करा: जो पंख खाली झुकलाय, त्याच्या बाजूला स्टिक ढकला, जणू त्याला खालून टेकू देताय.

आणि ते गवतात पडलंच, तर आधी थ्रॉटल शून्यावर आणा, मग धावा. प्रॉप गवतात अडकलेला आणि थ्रॉटल चढलेलं, यात मोटर आणि ईएससी दोन्ही जळतात. बॅटरी आधी काढायची, रिमोट शेवटी बंद करायचा. एवढं होईपर्यंत बघ्यांपैकी कुणीतरी जवळ येऊन विचारतोच, "याला कॅमेरा आहे का हो?"