फर्ग्युसनने शून्याचे दहा हजार डॉलर केले, पण त्यातून घरभाडं काढलं नव्हतं

गेल्या महिन्यात भाच्याने मला एक मेसेज पाठवला. थोड्याफार फरकाने तो तुमच्याकडेही आला असेल. मजकूर असा: क्रिस फर्ग्युसन नावाच्या खेळाडूने खिशातला एक पैसा न घालता ऑनलाइन पोकरमध्ये दहा हजार डॉलर उभे केले. त्याच्याकडे होती ती फक्त शिस्त. पोकर हा कौशल्याचा खेळ आहे, जुगार नाही. तेव्हा वीस हजार रुपयांवर सुरुवात करा, नियम पाळा, वर्षभरात नोकरी सोडता येईल. खाली भाच्याची स्वतःची ओळ होती: "मामा, मी हे चॅलेंज घेतोय. तू खेळायचास ना? सांग कसं वाटतं."

खेळायचो. अकरा महिने खेळलो, आणि रोजची नोंद दोनशे पानी वहीत ठेवली. म्हणून हे उत्तर जरा लांबलं आहे. भाचा हुशार आहे आणि मेसेजमधली मूळ गोष्ट खरी आहे, त्यामुळे "जुगार वाईट" एवढं म्हणून भागणार नाही. फर्ग्युसनने ते खरंच केलं. त्यावरून जे सांगितलं जातं, ते मात्र मुद्द्यागणिक चुकीचं आहे.

"एक पैसा न घालता, शून्यातून."

शून्य होतं ते खात्यात. फर्ग्युसन 2000 सालचा वर्ल्ड सीरिज ऑफ पोकरच्या मुख्य स्पर्धेचा विजेता, म्हणजे त्या खेळातला जगज्जेता. त्या एका विजयाचे त्याला पंधरा लाख डॉलर मिळाले होते. कॅलिफोर्निया विद्यापीठातून, लॉस एंजेलिसला, त्याने संगणकशास्त्रात पीएच.डी. केलेली. 2006 मध्ये तो हे आव्हान घेऊन बसला तेव्हा त्याला पोटापाण्याची काहीही चिंता नव्हती. फ्रीरोल म्हणजे फुकट प्रवेशाच्या स्पर्धा. त्यांत हजारो लोक असतात आणि तासन्‌तास खेळून हाती एक-दोन डॉलर लागतात. तिथून त्याने सुरुवात केली, आणि सुरुवातीला तो पुन्हा पुन्हा शून्यावर आला. दहा हजारांपर्यंत पोचायला सुमारे दीड वर्ष लागलं. सरासरी काढली तर महिन्याला साडेपाचशे डॉलर, तेही जगज्जेत्याला.

आणि ज्या साइटवर हे घडलं ती फुल टिल्ट पोकर. फर्ग्युसन तिच्या संस्थापकांपैकी आणि मालकांपैकी एक होता. त्याच्या आव्हानाची बातमी झाली की साइटवर नवे खेळाडू येत. यात लबाडी होती असं मी म्हणत नाही, पण मेसेजमध्ये ही गोष्ट कुठेच नाही आणि ती असायला हवी होती.

"फक्त शिस्त पाहिजे."

त्याचे नियम मला आजही पाठ आहेत, आणि ते उत्तम आहेत. कॅश गेममध्ये, म्हणजे स्पर्धा नसलेल्या थेट पैशांच्या टेबलावर, बसताना एकूण पैशांच्या पाच टक्क्यांहून जास्त न्यायचे नाहीत. मोठ्या स्पर्धेची प्रवेश फी दोन टक्क्यांच्या वर नको. खेळता खेळता टेबलावरचे आपले पैसे एकूण रकमेच्या दहा टक्क्यांपलीकडे गेले, तर जिंकत असतानाही उठायचं. अगदी तळाच्या टेबलांपुरती थोडी सूट, बाकी अपवाद नाही.

हे नियम माणसाला बुडू देत नाहीत. पण पोहता येणं वेगळं. टेबलावर तुम्ही इतरांपेक्षा सरस नसाल, तर पाच टक्क्यांचा नियम पाळून तुम्ही सावकाश हराल, इतकंच. शिवाय नुसतं सरस असून भागत नाही, कारण प्रत्येक पॉटमधून, म्हणजे डावात मध्ये जमलेल्या पैशांतून, साइट आपला वाटा कापते. त्याला रेक म्हणतात आणि तो साधारण पाच टक्क्यांच्या आसपास असतो. अगदी बरोबरीचे सहा जण रोज रात्रभर खेळत राहिले तर सरासरीने सहाही जण तोट्यात जातात.

समजा तुम्ही खरोखर चांगले खेळता. शंभर डावांमागे पाच बिग ब्लाइंड जिंकता, ही छान गती झाली. (ब्लाइंड म्हणजे पत्ते पाहण्याआधीच लावावी लागणारी ठरलेली रक्कम; त्यातली मोठी ती बिग ब्लाइंड.) पण नो-लिमिटमध्ये, म्हणजे समोरचे सगळे पैसे कधीही लावता येतात अशा प्रकारात, त्याच शंभर डावांतलं वरखाली होणं, म्हणजे प्रमाण विचलन, नव्वद बिग ब्लाइंडच्या आसपास असतं. दहा हजार डावांचा हिशोब मांडा: अपेक्षित नफा 500 बिग ब्लाइंड, विचलन 900 (वरखाली एकमेकांना खात जातं, म्हणून ते शंभरपट नाही, दहापटच वाढतं). म्हणजे चांगला खेळणारा माणूसही दहा हजार डावांनंतर दहापैकी जवळपास तीन वेळा तोट्यात दिसेल. चार टेबलं उघडून रोज दोन तास बसलं, तर एवढे डाव व्हायला अठरा-वीस दिवस लागतात. मला जास्त भीती याच्या उलट बाजूची वाटते. त्याच गतीने हरणारा खेळाडू दहापैकी तीन वेळा महिनाभर फायद्यात असतो. आपल्याला जमलं, असं त्याला वाटतं. नोकरी सोडतो तो हा माणूस.

नशीब किती मोठं असतं, हे फर्ग्युसनच्याच जगज्जेतेपदाच्या शेवटच्या डावात दिसतं. त्याच्याकडे एक्का-नव्वी, समोर टी. जे. क्लूटियरकडे एक्का-राणी, दोघांचे पैसे मध्ये. शेवटचा पत्ता उघडायच्या आधी न दिसलेले 44 पत्ते उरले होते आणि त्यांतल्या फक्त तीन नव्व्या त्याला जिंकवू शकत होत्या. नव्वी आली.

आणि शिस्त ही काही एकदा विकत घेऊन कपाटात ठेवायची वस्तू नाही. माझ्या वहीत पाचव्या महिन्यातलं एक पान आहे. रात्रीचे पावणेबारा, घरात सगळे झोपलेले, मी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी लॅपटॉप घेऊन बसलेलो. हातात एक्क्यांची जोडी, समोरच्याकडे राजांची. अशा डावात एक्केवाला शंभरातून ब्याऐंशी वेळा जिंकतो. तिसरा राजा आला आणि माझे हजार रुपये गेले. यात माझी चूक काहीच नव्हती. चूक पुढच्या मिनिटाला झाली: मी दुप्पट ब्लाइंडचं टेबल उघडलं. पहाटे दोनला त्या पानावर मी पेनाने इतकं दाबून लिहिलं आहे की मागच्या पानावर उठलंय: "चिडून खेळलो. सहा हजार." नियम मला तोंडपाठ होते, त्या रात्रीही.

"कौशल्याचा खेळ आहे, म्हणजे कायदेशीर आहे."

पोकरमध्ये कौशल्य आहे हे मीही मानतो. पश्चिम बंगालच्या 1957 च्या कायद्याने पोकरला जुगारातून वगळलं होतं, तर 2017 मध्ये गुजरात उच्च न्यायालयाने तो जुगारच ठरवला. हा वाद वर्षानुवर्षं चालला. पण ऑनलाइन पैशांच्या खेळाला आता त्या वादाचा आधार उरलेला नाही. संसदेने ऑगस्ट 2025 मध्ये ऑनलाइन गेमिंगचा कायदा मंजूर केला आणि 22 ऑगस्टला राष्ट्रपतींची संमती मिळाली. त्यात व्याख्याच अशी आहे की पैसे लावून पैसे जिंकण्याचा ऑनलाइन खेळ कौशल्याचा असो, नशिबाचा असो की दोन्हींचा, तो चालवता येणार नाही. शिक्षा खेळणाऱ्याला नाही. चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद, एक कोटीपर्यंत दंड किंवा दोन्ही आहे, आणि पैसे फिरवणाऱ्या बँका व पेमेंट कंपन्याही त्यात येतात. देशातल्या मोठ्या साइट्सनी पैशांचे टेबल लगेच बंद केले.

भाच्याला हे ठाऊक होतं. त्याचं उत्तर तयार होतं: परदेशी साइट, किंवा क्लबवालं अॅप. त्यात एजंट चिप्स, म्हणजे खेळातली नाणी, देतो आणि पैशांचा हिशोब अॅपच्या बाहेर होतो.

"पैसे आपलेच, कधीही काढता येतात."

मला सगळ्यात जास्त काळजी इथेच वाटते, आणि यासाठी पुन्हा फर्ग्युसनच्याच साइटकडे जावं लागतं. 15 एप्रिल 2011 ला अमेरिकेच्या न्याय खात्याने फुल टिल्टसह तीन मोठ्या साइट्सच्या चालकांवर खटले भरले. पोकरवाले त्या दिवसाला आजही ब्लॅक फ्रायडे म्हणतात. खेळाडूंनी पैसे मागितले तेव्हा फुल टिल्टकडे ते नव्हते. सरकारी तक्रारीनुसार 31 मार्च 2011 ला साइट खेळाडूंचं सुमारे 39 कोटी डॉलर देणं लागत होती आणि बँकेत होते सुमारे 6 कोटी. उरलेल्या पैशांबाबत आरोप असा होता की मालक आणि संचालकांना 44 कोटींहून जास्त डॉलर वाटले गेले. त्या संचालकांत फर्ग्युसनचं नाव होतं. त्याने 2013 मध्ये चूक कबूल न करता तडजोड केली आणि 2018 मध्ये व्हिडिओवर येऊन खेळाडूंची माफी मागितली.

जुलै 2012 मध्ये पोकरस्टार्स या दुसऱ्या मोठ्या साइटने अमेरिकी सरकारशी 73.1 कोटी डॉलरची तडजोड करून फुल टिल्ट घेतली, म्हणून खेळाडूंना पैसे दिसले तरी. अमेरिकी खेळाडूंच्या हाती ते पडायला फेब्रुवारी 2014 उजाडलं. जवळपास तीन वर्षं. त्यांत ज्यांचा चरितार्थ खेळावर होता असे लोकही होते. त्यांनी पाच टक्क्यांचा नियम कितीही काटेकोर पाळला असेल, तरी बँकरोलचे, म्हणजे खेळासाठी ठेवलेल्या एकूण पैशांचे, शंभर टक्के एकाच साइटवर अडकलेले.

आणि फुल टिल्टकडे ऑल्डर्नी बेटाच्या नियामकाचा परवाना होता, आणि पैसे परत मिळवून द्यायला अमेरिकेचं न्याय खातं होतं. भाच्याच्या एजंटकडे काय आहे? फोन नंबर. माझी स्वतःची एक छोटी रक्कम तेव्हाच्या एका देशी साइटवर "कागदपत्रं तपासतोय" म्हणत एकोणीस दिवस अडकली होती. ती मिळाली, कारण कंपनी नोंदणीकृत होती आणि तक्रार करायला पत्ता होता. एजंट उद्या उचलायचा बंद झाला तर तक्रार कुणाकडे, आणि कशाची म्हणून करणार?

"पण लोक कमावतात ना!"

कमावतात. मी अशा दोघांना ओळखतो. दोघेही आधी तीन-चार वर्षं नोकरी सांभाळून खेळले, आणि आज दोघांचंही मुख्य उत्पन्न इतरांना शिकवण्यातून येतं. हरलेले लोक स्क्रीनशॉट पाठवत नाहीत, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे.

"वर्षभरात उत्पन्न सुरू."

आता मूळ मुद्दा. आव्हान आणि उत्पन्न या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आव्हानात पैसे आत राहतात आणि वाढतात, उत्पन्नात ते दर महिन्याला बाहेर काढावे लागतात. फर्ग्युसनने त्या दीड वर्षात त्या खात्यातून घरभाडं काढलं नाही, किराणा भरला नाही, कुणाची फी भरली नाही. पोकरमध्ये बँकरोल हेच बियाणं. पेरायचं बियाणंच दर महिन्याला दळायला घातलं तर पुढच्या हंगामात काय पेरणार?

माझी वही उघडतो. सुरुवात वीस हजारांवर, ब्लाइंड 5/10 (लहान पाच रुपये, बिग ब्लाइंड दहा), एका टेबलावर हजार रुपये, म्हणजे बरोबर पाच टक्के. पहिल्या तीन महिन्यांत 24,000 डाव, नफा 31,000. पुढच्या तीन महिन्यांत 22,000 डाव, तोटा 19,000. उरलेल्या पाच महिन्यांत 38,000 डाव, नफा 11,400. एकूण 84,000 डाव, 310 तास आणि 23,400 रुपये. तासाला 75 रुपये पडले. मी जिंकणारा खेळाडू होतो, हे मी अभिमानाने सांगतो. बहुतेकांना एवढंही जमत नाही.

आता हीच वही घ्या, एकही डाव बदलू नका, फक्त घरासाठी महिन्याला पंधरा हजार काढा. माझ्या घरात माझा वाटा तेवढा होता. पहिल्या तीन महिन्यांनंतर वीस अधिक एकतीस, म्हणजे 51,000. त्यातून 45,000 घरी गेले. हाती राहिले 6,000. आयुष्यातला सगळ्यात चांगला काळ खेळून झाल्यावर हाती सहा हजार! नियमाप्रमाणे आता टेबलावर तीनशेच नेता येतात, म्हणजे ब्लाइंड 1/2 वर उतरायचं. तिथे तेवढंच चांगलं खेळलं तरी कमाई पाचवा हिस्सा. घरभाडं मात्र पाचवा हिस्सा होत नाही. आणि वहीत यानंतरचे तीन महिने तोट्याचे आहेत. मग एकतर नियम मोडायचा, नाहीतर उधार घ्यायचं. मी पाहिलेल्या जवळजवळ प्रत्येकाने आधी पहिलं केलं आणि मग दुसरं.

यात कर धरलेला नाही. एप्रिल 2023 पासून ऑनलाइन खेळातल्या वर्षाच्या निव्वळ जिंकण्यावर सरसकट 30 टक्के कर आहे. उत्पन्न कमी असलं तरी स्लॅबची सवलत मिळत नाही, आणि एका वर्षाचा तोटा पुढच्या वर्षी वजा होत नाही. माझे 23,400 त्या हिशोबाने 16,380 होतात.

मी खेळणं थांबवलं ते हरलो म्हणून नाही. हा हिशोब एका रविवारी सकाळी बायकोसमोर मांडला, तिने एकदाच विचारलं, "आणि रात्रीची झोप कुठल्या रकान्यात लिहिलीस?" तो रकाना नव्हता.

दिवाळीला भाचा घरी आला तेव्हा मी वही त्याच्या हातात दिली. तिसऱ्या महिन्याच्या शेवटच्या पानावर तो बराच वेळ थांबला. तिथे 31,000 च्या आकड्याभोवती मी दोनदा गोल केला आहे आणि शेजारी राजीनाम्याची तारीख लिहिली आहे. वर एक आडवी रेघ मारलेली, पण तारीख अजून वाचता येते. त्याने विचारलं, "मामा, ही रेघ कधी मारलीस?" मी म्हणालो, "पुढची वीस पानं वाच, तुला दिवस सापडेल." वही तो सोबत घेऊन गेला आहे.