डोळा सरकवणारं ‘खास’ जनुक?

दोन्ही डोळे एकाच बाजूला असणाऱ्या चपट्या माशांवरचा तुमचा लेख चांगला आहे, पण त्यातलं ‘चपट्या माशांकडे डोळा सरकवणारं खास जनुक असतं’ हे वाक्य काही पचनी पडलं नाही. कामाला लागतात ती जुनीच जनुकं. बदलते ती वेळ आणि जागा. अंड्यातून बाहेर येणारं पिल्लू इतर माशांसारखंच असतं, दोन बाजूंना दोन डोळे. पुढे थायरॉइड हार्मोन वाढलं की जनुकांची चालू-बंद सुरू होते आणि एक डोळा दुसऱ्या बाजूला सरकतो. टॅडपोलचा बेडूक करणारं हार्मोनही हेच. १९१२ साली शास्त्रज्ञ गुडरनाच यांनी टॅडपोलना थायरॉइड ग्रंथी खाऊ घातली, तर ते वेळेआधीच बेडूक व्हायला लागले! उलट फ्लाउंडर या चपट्या माशाच्या पिल्लांना थायोयुरिया हे रसायन देऊन हार्मोन अडवलं, तर डोळा जागचा हलत नाही.

डोळा कोणत्या बाजूला जाणार, हे मात्र लेखात यायलाच हवं होतं. पिटएक्स-२ हे जनुक आपल्याही गर्भात डावं-उजवं ठरवायला लागतं. फ्लाउंडरमध्ये ते रूपांतराच्या जरा आधी मेंदूच्या डाव्या भागात पुन्हा जागं होतं आणि त्यावरून डोळ्याची बाजू ठरते. मी कोल्हापुरात प्राणिशास्त्र शिकवते. घाट चढून बाजारात येणारी लेप, म्हणजे आपल्याकडचा चपटा मासा, वर्गात नेते, मासे विकणाऱ्या मावशींना कातडं तेवढं ओढू नका म्हणून आधीच सांगावं लागतं. दोन्ही डोळे डावीकडे, तोंड वाकडं, खालची बाजू पांढरीफटक. पोरं आधी नाकं मुरडतात, मग वाकून वाकून बघतात. तेवढं एक वाक्य दुरुस्त केलंत, तर लेख त्यांनाही वाचायला देईन.