राखुंडी की पेस्ट, आणि दाढ कोण बघणार?

निफाडच्या आमच्या भावकीच्या ग्रुपवर आठवडाभर एकच चाललंय. शाळेत दातांचं शिबिर झालं, आठवी-नववीच्या बऱ्याच पोरांच्या दाढा किडलेल्या निघाल्या, तर काका म्हणतात हे सगळं पेस्टमुळे, आईने जन्मभर राखुंडी लावली आणि म्हातारपणी ऊस सोलून खायची. खाली अंगठ्यांची रांग.

अहो काका, आजी ऊस खायची, पण पाच रुपयाची क्रीमची बिस्किटं दिवसभर नव्हती चघळत. आणि राखुंडीत फ्लोराइड नसतं, ती दात झिजवते फक्त. साखर किती खाल्ली यापेक्षा किती वेळा खाल्ली यावर कीड ठरते, हे इकडे स्वीडनमध्ये, मी राहतो तिथे, लुंडच्या विपेहोल्म संस्थेत १९४५ पासूनच्या प्रयोगांत दिसलं, तेही गतिमंद पेशंटना मुद्दाम चिकट टॉफ्या चारून, म्हणजे स्वीडिश शहाणपण काही सोवळं नाही. पण शनिवारीच गोड ही सवय त्यातून रुजली ती रुजली, माझी पोरगी मंगळवारी चॉकलेट मागतच नाही. फोल्कतांदव्होर्डेनचं, म्हणजे इथल्या सरकारी दंतसेवेचं, पत्र आपोआप घरी येतं, पोरांना पैसे लागत नाहीत.

आपल्याकडेही २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम आहे, शाळेत तपासणी, दातांची कीड यादीत, कागदावर सगळं झकास. पण सुरगाणा-पेठच्या पोराच्या हातात चिठ्ठी दिली तर त्याला नाशिकला सिव्हिलला नेणार कोण, आईबाप दिंडोरीत द्राक्षाच्या छाटणीला, गेले तर रोज बुडतो. मग दाढ ठणकली की लवंग, त्यानेही नाही भागलं की घरातली मिश्री, आणि चौदाव्या वर्षी तलफ लागते ती वेगळीच. गुटखाबंदी २०१२ ची, शाळेपासून शंभर यार्डात तंबाखू विकायची नाही हा कायदा २००३ चा, शाळेसमोरच्या टपरीवाल्याला सांगून बघा. आणि आपण भांडतोय राखुंडीवरून!

"तिकडे बसून बोलायला काय जातं तुला" हे काकांचं ठरलेलं. जातं ना. इथे मोठ्यांचं दाताचं बिल बघून दुखायचंच थांबतं, म्हणून माझी रूट कॅनल कॉलेज रोडवर, सुट्टीत आलो की. पोरीचे दात स्वीडनच्या भरवशावर, माझे नाशिकच्या, आणि दोन्हीकडे मीच अक्कल शिकवतो, हे मलाही कळतं. तरी गप्प बसवत नाही, काय करू, गाव माझंही आहे.

पुढच्या शिबिराला पैसे पाठवतो म्हटलं तर काका म्हणाले ब्रश वाटू. ब्रश नकोत काका. चिठ्ठीवाल्या पोरांना सिव्हिलला न्यायला गाडी करा, डिझेल माझं, आणि सोबत जाणाऱ्या आईचा त्या दिवसाचा रोजही.