जावयाच्या उवा

आमच्या गावात कुणाच्या घरी साप निघाला की गल्ली गोळा होते. माझ्या घरी साप राहायला आला तेव्हा गल्ली पांगली.

भाचा दोन वर्षांसाठी जर्मनीला गेला आणि पुण्याच्या फ्लॅटमधला त्याचा बॉल पायथन पांढरकवड्याजवळच्या आमच्या खेड्यात, मामाकडे आला. बहीण म्हणाली, "दादा, तुह्या घरी जागा हाये नं." जागा काय, माझ्या घरी म्हशीलाही आहे. पण म्हैस दूध देते.

हा साप मूळचा पश्चिम आफ्रिकेचा. घाबरला की अंगाचा चेंडू करून डोकं आत लपवतो, म्हणून बॉल. पोलीस पाटील चौकशीला आले तेव्हा मी कागद काढले. आपल्याकडचा नाग, धामण, अजगर १९७२ च्या वन्यजीव कायद्यामुळे घरात ठेवता येत नाही. हा परदेशी, याची केंद्राच्या पर्यावरण खात्याच्या परिवेश पोर्टलवर रीतसर नोंद आहे. पाटलांनी कागद उलटासुलटा पाहिला आणि विचारलं, "गुरुजी, रेशन कार्डात नाव टाकलं का याचं?"

बायको त्याला 'तुमचा जावई' म्हणते. आठ-दहा दिवसांतून एकदा उंदीर, तोही मनात आलं तर. बाकी वेळ कोपऱ्यात पडून राहायचं आणि कुणी काही म्हटलं की तोंड लपवायचं. उपमा अगदीच चुकलेली नाही. मागच्या खोलीत पाय ठेवणार नाही, अशी तिनं पहिल्याच दिवशी शपथ घेतली. त्याच सुमारास तिचा माहेरचा निळ्या काठाचा पांढरा वाडगा हरवला, ज्यात दहा जणांची कढी बसायची तो. तिचा संशय शेजारच्या काकूंवर होता. मी त्या विषयात पडलो नाही.

आमच्या मे महिन्यात काचेच्या पेटीची कढई होते, म्हणून मी गावातल्या सुताराकडून खास सागवानी पेटी करून घेतली. त्यानं हौसेनं झाकणाला वेलबुट्टी कोरली, कोपऱ्यांना सांधे घातले. खोलीत वाळ्याच्या ताट्यांचा कूलर लावला. जावई थंडगार. आमच्या खोलीतला पंखा मात्र तोच जुना, करकरणारा.

आणि जावई दिवसदिवस पाण्यात बसायला लागला. मला त्यात वावगं वाटलं नाही. मे महिन्यात मलाही टाकीत बसावंसं वाटतं. पण एका सकाळी पाणी बदलताना भांड्याच्या तळाशी काळे ठिपके दिसले, राईच्या दाण्याहून बारीक. मी एक बोटावर घेतला. तो चालायला लागला.

भिंगातून सापाकडे पाहिलं तर डोळ्यांच्या कडेला, हनुवटीखालच्या घडीत, खवल्यांच्या आड हेच. सापाला पापण्या नसतात. तो बिचारा डोळेही चोळू शकत नाही.

आता यांना म्हणायचं काय? दूधवाला म्हणाला, गोचीड. शेतावरचा गडी म्हणाला, लाल कोळी. बायको दारातूनच म्हणाली, उवा. त्यावर आई बाजेवरून उठून बसली. "सापाले उवा? सापाले केस तं नाई, मा माय!" तसे दूधवाला आणि गडी दोघेही बरोबरच्या जवळ होते. हे होते माइट. गोचिडाचे आणि कपाशीवरच्या लाल कोळ्याचे आठ पायांचे भाऊबंद. पण गावात नाव पडलं ते उवाच.

पहिला इलाज आईचा, जवसाचं तेल. तेलानं किडा गुदमरतो, हे तिचं म्हणणं तसं खोटं नाही. पण तेल लावलेला साप हातात धरून पाहा! तो माझ्या मुठीतून साबणाच्या वडीसारखा सुटला आणि गव्हाच्या कोठीखाली गेला. दीड तास मी पालथा पडून "ये रे बापा" करत होतो. सापडला तेव्हा अंगाला पीठ, कोळ्याची जाळी आणि जवसाचा वास. तिखट-मीठ लावलं असतं तर चटणीच.

दुसरा इलाज घमेल्यात कोमट पाण्याची आंघोळ. किडे बुडतात, पण साप डोकं पाण्याबाहेर ठेवतो. वर्धा नदीला पूर आला की काठावरची माणसं शाळेच्या छतावर जमतात, तसे बरेच किडे त्याच्या डोक्यावर जमले.

तिसऱ्या इलाजासाठी कृषी केंद्रात गेलो. फिप्रोनिल किड्यांवर चालतं एवढं ऐकलं होतं आणि कपाशीच्या फुलकिड्यांसाठी ते तिथल्या फळीवर असतंच.

"कायवर मारायचं, गुरुजी?"

"सापावर."

"सापाले औषध नसते. सर्पमित्राले बलवा."

"साप मारायचा नाही. त्याच्या उवा मारायच्या."

पोरगा बराच वेळ माझ्याकडे पाहत राहिला. मग सवयीनं म्हणाला, "किती एकर?"

बाटली घरात आलीच नाही. २०१७ ला फवारणीच्या विषबाधेनं आमच्या जिल्ह्यात माणसं गेली, तेव्हापासून बायको असली बाटली उंबरा ओलांडू देत नाही. तालुक्याच्या गुरांच्या डॉक्टरांनीही कानाला हात लावले, शेतीचं औषध जनावराच्या अंगावर नको म्हणून. त्यांच्याकडे शेळ्यांचं जंत-गोचिडांवरचं औषध, आयव्हरमेक्टिन होतं. हेच औषध कासवाला दिलं तर कासव मरतं, सापाला वजन मोजून देता येतं. म्हणून त्यांनी आधी नागपूरला फोन लावला, मग किराणा दुकानातला काटा मागवला. साप काट्यावर ठेवल्यावर दुकानदारानं तो परत न्यायला नकार दिला. काटा आता माझ्याकडे आहे.

मी शिक्षक होतो. रोज सकाळी भांड्यातले ठिपके मोजून जुन्या हजेरीपटात लिहायला लागलो. उपस्थिती ४१. मग १७. मग ३. मग सलग नऊ दिवस शून्य. मी पेढे वाटले. दहाव्या दिवशी २६.

डॉक्टर म्हणाले, "गुरुजी, तुम्ही साप धुतला, घर धुतलं का?" मादी रक्त पिते सापाचं, पण अंडी घालायला अंगावरून उतरते आणि अंधाऱ्या, दमट फटीत जाते. नर भेटला नाही तरी तिचं अडत नाही. तशा अंड्यांतून नरच निघतात. अंड्यांवर औषध चालत नाही, आणि उबेत २-३ आठवड्यांत नवी पिढी उभी. माझ्या सागवानी पेटीत सांधे होते, वेलबुट्टी होती, वर कूलरची ओल. एवढी सोय मी मुलीच्या लग्नात पाहुण्यांची केली नव्हती. पेटी उन्हात पत्र्यावर गेली. जावई बाजारातल्या प्लॅस्टिकच्या टबात आला, खाली वर्तमानपत्र.

शिवाय डॉक्टरांनी विचारलं, दुसऱ्या सापाला लावलेला हात याला लागला का? तेव्हा मला आमचा सर्पमित्र आठवला. दर रविवारी कुणाच्या तरी गोठ्यातली धामण पकडून, रानात सोडून, तसाच 'आपल्या पोराले पाहाले' येतो आणि त्याला गळ्यात घालून फोटो काढतो. आता मी त्याला आधी साबण देतो. तो नाराज आहे. गावातली अर्धी माणसं माझ्यावर नाराज आहेतच, त्यात एक.

औषधाचा पुढचा डोस झाला, वर्तमानपत्र रोज बदललं, उपस्थिती घसरत गेली. काल सकाळी भांड्यात दोन ठिपके दिसले, की माझ्याच चष्म्यावरचे होते, कळेना. आई झोपलेली. शेवटी बायकोला हाक मारली. काय वाटलं कुणास ठाऊक, शपथ मोडून ती आत आली, पदर नाकाला लावून वाकली, भिंग डोळ्याला लावलं.

"एकच हाये," ती म्हणाली. "दुसरा टवका हाये भांड्याचा."

मला हायसं वाटलं. ती मात्र वाकलेलीच राहिली. भिंग हळूहळू तळावरून काठाकडे सरकलं.

"अजी," ती म्हणाली, "हा निळा काठ..."