बारा किलोमीटरचे दोन हजार

एक्सप्रेसवेवर मर्यादा 100, माझा काटा 112. चूक माझीच, कबूल! घ्या दोन हजार आणि सोडा ना बाबांनो! छे, इतकं सोपं कसं असेल?

दंडाच्या चलानचा मेसेज आला अकरा दिवसांनी. खरा की खोटा कोण सांगणार? हल्ली चलानच्या नावाखाली एपीके फाइल, म्हणजे मोबाइलमध्ये घुसणारं बनावट ॲप, पाठवून बँक खातं साफ करणारेही हिंडतायत. म्हणून स्वतः वाहतूक पोलिसांच्या साइटवर गेलो. तिथे गाडीच्या चॅसी नंबरचे शेवटचे चार आकडे हवेत! ते काय मला तोंडपाठ असतात? रात्री साडेदहाला लुंगीवर पार्किंगमध्ये, मोबाइलच्या उजेडात आरसी शोधतोय. वॉचमन विचारतो, "साहेब, काय हरवलं?" अक्कल, दुसरं काय!

कॅमेऱ्याच्या फोटोत माझी नंबरप्लेट कशी ठसठशीत! आणि ओव्हरटेकिंग लेन अडवून चाळीसने रांगणारा तो ट्रेलर? तो बहुतेक अदृश्य होता.

शेवटी पैसे भरले. खात्यातून कटले, चलान अजून 'अनपेड'. हेल्पलाइनवर सनई ऐकतोय.

वर मेहुणे हसतायत, "भरलेत कशाला? लोक अदालतीत निम्म्यात मिटलं असतं!" त्यांची स्वतःची सात थकलीत.