लेकराचा बाप दाराबाहेर काहून?

पोरगी आता ठणठणीत आहे, सकाळपासून शेळीच्या मागं लागलेली आहे, त्यामुळं कोणी घाबरून फोन करू नका. पण दवाखान्यातून आल्यापासून एक गोष्ट डोक्यात बसली आहे ती लिहूनच टाकतो. सरकारी दवाखान्यात लहान मुलांच्या वॉर्डात आईला आत घेतात आणि बापाला बाहेर काढतात, हे कोणी ठरवलं न कायले ठरवलं?

झालं काय ते आधी थोडक्यात सांगतो. कापूस वेचणीचे दिवस, पहाटेची थंडी, पोरगी अडीच वर्षांची, सर्दी-खोकला अन अंगात ताप. आजीचं ओव्याची पुरचुंडी करून छाती शेकणं चालू होतं. आशाताई दुसऱ्याच कामानं घरी आली होती, तिनं पोरीकडं एकदा पाहिलं, सरळ फ्रॉक वर केला आणि मोबाईलवर एक मिनिट लावून श्वास मोजत बसली. एक वर्षाच्या वरच्या लेकराचा श्वास मिनिटाला ४० किंवा त्याच्या वर गेला तर निमोनियाचा संशय घ्यायचा असतो, आमच्या पोरीचा ५० च्याही वर होता आणि श्वास आत घेताना बरगड्यांच्या खाली खड्डा पडत होता. आपल्याकडं याला पोट उडते म्हणतात. ताई म्हणाली, "भाऊ, आता बसू नका, १०८ ले फोन लावा." गाडी आली, तालुक्याला ऑक्सिजन लावला, तिथून जिल्ह्याला रेफर. एवढं सगळं नीट झालं, कोणाची तक्रार नाही.

हे श्वास मोजायचं काम काही मुंबई-दिल्लीतून आलेलं नाही बरं का. गडचिरोलीत डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्याच माणसांना हे शिकवलं, ज्यांना ४० पर्यंत मोजता येत नव्हतं त्यांच्यासाठी मण्यांचं साधं मोजयंत्र बनवलं आणि निमोनियानं दगावणारी लेकरं त्यानं कमी झाली. म्हणजे अंगठेबहाद्दर म्हातारीला नीट समजावून सांगितलं तर ती निमोनिया पकडू शकते, हे आपल्याच विदर्भात सिद्ध झालेलं आहे. मग माझ्यासारख्या बारावी झालेल्या बापाला लेकराच्या तोंडावर वाफेचा मास्क धरता येणार नाही असं कोणाला वाटते?

वॉर्डाचं दार लोखंडी जाळीचं. दारावर गार्ड. "ओ भाऊ, बायामाणसाचा वार्ड आहे, बाहेर व्हा." झालं, तेव्हापासून मी बाहेर. आतून चिठ्ठी येते, बाप पळतो. रक्ताचा नमुना घेऊन लॅबमध्ये, एक्स-रेच्या खोलीकडं, स्टोअरला, तिथं औषध नसलं की बाहेरच्या मेडिकलला. १५ ऑगस्ट २०२३ पासून आरोग्य विभागाच्या दवाखान्यात केसपेपरपासून सगळं फुकट केलं आहे राज्य सरकारनं आणि ते खरंच चांगलं झालं, पण जाळीतून येणारी चिठ्ठी काही बंद झालेली नाही. अक्षर असं की माझ्यासोबत बसलेले चार बाप मिळून वाचायचे अन तरी शेवटी मेडिकलवालाच सांगायचा काय आहे ते.

अन पोरीचं कसं आहे हे विचाराल तर ते बापाला कळायची सोय नाही. राउंड सकाळी होतो, डॉक्टर घाईत दोन वाक्यं बोलतात तेही अर्धे इंग्रजीत, ते ऐकते बायको जी रात्रभर झोपलेली नसते. मग ती दाराशी येऊन मला सांगते, "सॅचुरेशन का काय ते कमी आहे म्हणे, पण चांगलं आहे म्हणे." सॅचुरेशन म्हणजे रक्तातला ऑक्सिजन, आता तो कमी आहे का चांगला आहे? तिला परत विचारावं तर ती रडायला लागते. मग गप डबा आत द्यायचा न पोर्चमध्ये पोत्यावर येऊन पडायचं.

रात्री पोर्चमध्ये कोणीतरी भंडाऱ्याचा विषय काढतोच. ९ जानेवारी २०२१ ची पहाट, जिल्हा रुग्णालयाच्या नवजात बाळांच्या कक्षात आग, १७ पैकी १० बाळं गेली. ते ऐकल्यावर बंद दाराकडं पाहत झोप कशी लागणार सांगा. आईबाप आत असते तर आग लागली नसती असं मी म्हणत नाही. पण त्या दाराच्या बाहेर बसून पाहा एकदा.

मला सगळ्यात जास्त राग कशाचा आला सांगू? बायको संडासला जाणार तेव्हा पोरीला कोण पाहणार? शेजारच्या खाटेवरच्या बाईला सांगून जायची, तिचं स्वतःचं लेकरू सलाईनवर. एका सिस्टरकडं एवढी लेकरं की ती बिचारी इकडून तिकडं पळतच असते, तिला दोष देण्यात अर्थ नाही. अन धडधाकट बाप दहा पावलांवर जाळीच्या पलीकडं मोबाईल पाहत बसलेला! फुकटचं माणूसबळ आहे ना हे, वापरा की.

एका रात्री वापरलं पण. पोरगी मास्क ठेवूच देईना, हात मारून फेकून द्यायची, रडून रडून अजून धाप लागायची. एक शिकाऊ डॉक्टर पोरगा बाहेर आला, "हिचे वडील कोण आहे?" म्हणाला अन गार्डला न विचारता मला आत घेऊन गेला. घरी ती माझ्याच छातीवर झोपते, तिला उभी धरून खांद्याला लावली, मास्क नाकापासून जरा दूर धरला मग हळूहळू जवळ नेला, गावातल्या बैलजोडीची नावं घेत राहिलो. रडणं थांबलं. मशीनवरचा ऑक्सिजनचा आकडा ९० वरून ९४ वर आला, डॉक्टर म्हणाला उभं धरलं की श्वासाला सोपं जाते, असंच धरून ठेवा. बायको तेवढ्या वेळात खाली चादर टाकून झोपली, आल्यापासून पहिल्यांदा. सकाळी शिफ्ट बदलली अन मी परत बाहेर.

आणि हे माझं डोकं नाही बरं, केंद्र सरकारनं २०१७ मध्ये नवजात बाळांच्या कक्षासाठी मार्गदर्शक सूचनाच काढल्या आहेत की आईबाप दोघांना शिकवून बाळाच्या सेवेत घ्या, हात धुवायचे कसे, दूध पाजायचं कसं, धोक्याची लक्षणं कोणती. काही दिवसांच्या बाळाजवळ बाप चालतो तर अडीच वर्षांच्या पोरीजवळ काहून चालत नाही?

आता बायामाणसाचा प्रश्न. आत बाया अंगावर पाजतात, झोपतात, तिथं रात्री परके माणसं फिरले तर त्यांना अवघडल्यासारखं होणारच, माझ्या बायकोलाही झालं असतं. हे मान्यच आहे. पण त्याला खाटांच्या मध्ये पडदे लावा, बापांना सकाळ-संध्याकाळ ठरलेली वेळ द्या, राउंडच्या वेळी तर आत घ्याच, आई-बाप दोघांसमोर एकदाच सांगा. यात फार पैसे लागतात असं मला वाटत नाही. आमची आजी म्हणते, "माणसाचं काय काम तिथं, लेकरू मायचं असते." आजीशी मी भांडत नाही, पण सरकारी नियम आजीच्या म्हणण्यावर चालवायचा का?

गार्ड म्हणतो बाप लोक खर्रा, म्हणजे तंबाखू-सुपारी, खाऊन थुकतात, ते मात्र त्याचं बरोबर आहे. बाप लोक आत आले की कोपरे रंगवतात, मी डोळ्यांनी पाहिलं आहे, जिन्याकडं पाहवत नाही. तर दारावर खिसे तपासा, पुड्या काढून ठेवा, तोंड धुवायला लावा, हातावर साबण द्या, जो थुकला त्याला दंड लावून कायमचा बाहेर काढा. पण बाकीच्यांना आत घ्या.