'गोळी तीच आहे ना, मग परत रक्त कशाला तपासायचं?' याला माझं उत्तर

सगळीकडे फिरणारा तो मेसेज मलाही तीनदा आलाय. कुत्र्या-मांजराला औषध लागू पडलं की जुनी चिठ्ठी दाखवून तेच आणत राहा, दर वेळी तपासणी म्हणजे डॉक्टरांचा धंदा, असं त्यात म्हटलंय. हे वाचून कुणी खरंच तपासणी बंद केली तर जनावराचे हाल होतील, म्हणून लिहितेय.

'बरं आहे म्हणजे डोस बरोबर आहे.' नाही हो. फिटसाठी देतात ते फेनोबार्बिटलच घ्या, त्या औषधानं लिव्हरचं काम असं वाढतं की ते औषधच शरीरातून लवकर बाहेर पडायला लागतं, म्हणजे डोस तोच आणि रक्तातली पातळी मात्र हळूहळू खाली. आमच्या कुत्र्याला वर्षभर एकही फिट नव्हती म्हणून मी टेस्ट पुढे ढकलत राहिले, आणि एका पहाटे भांड्याच्या आवाजानं जाग आली, बघते तर पाणी सांडलेलं आणि तो त्यातच कुशीवर पडून पाय झाडतोय. पातळी तपासली तर खूपच कमी झालेली. आता दर ६ महिन्यांनी लिव्हर आणि पातळी दोन्ही बघतो.

'मांजर खातंय, वजन वाढलंय, झालं की.' थायरॉइड वाढलेलं असताना किडनीला रक्त जास्त जातं त्यामुळे किडनीचा आजार झाकला जातो, आणि मेथिमाझोल या थायरॉइडच्या औषधानं थायरॉइड ताळ्यावर आलं की तो वर येतो. बाहेरून कळत नाही, रक्तातच दिसतं. आणि मधुमेहाच्या काही मांजरांना तर पुढे इन्सुलिनची गरजच उरत नाही, तरी जुनाच डोस टोचत राहिलात तर साखर एकदम उतरून जीवावर बेतू शकतं.

'दोन-चार दिवस गोळी चुकली तर काय होतंय?' फिटची गोळी किंवा बरेच दिवस चालू असलेलं प्रेडनिसोलोन (स्टेरॉइड) अचानक तोडायचं नाही, म्हणून आठवडाभराच्या गोळ्या शिल्लक असतानाच रिफिलचं बघा.

खर्चाचं म्हणाल तर तो होतो, मान्य आहे. पण मग डॉक्टरांना सरळ विचारा की आत्ता कुठली टेस्ट हवीच आणि कुठली थांबू शकते. घरी फुकटात होणारंही आहे, हार्टचं औषध चालू असेल तर गाढ झोपेत छाती किती वेळा वर-खाली होते ते मिनिटभर मोजून वहीत लिहा, आकडा सारखा ३० च्या वर जायला लागला तर त्याच दिवशी फोन करा.